शाळेंतील दुपारचें जेवण

शिक्षण आणि अन्न यांची सांगड आपल्याकडे नवी नाहीं. गुरुगृहीं राहणाऱ्या शिष्याचें पोट गुरूच्या घरींच भरे. पुढें पुण्यासारख्या शहरीं शिकावयास आलेला गरीब विद्यार्थी माधुकरी मागे, किंवा आठवड्याचे सात वार सात घरीं लावून जेवी. कितीतरी नामांकित माणसांचें शिक्षण अशा वारांवर झालें, आणि त्या घरांचे उपकार त्यांनीं जन्मभर स्मरले. परंतु या व्यवस्थेला दोन मर्यादा होत्या. पहिली ही, कीं ती ठराविक जातींतल्या मुलांपुरतीच होती. ज्यांना ते उंबरठे ओलांडतां येत नव्हते, त्यांच्या मुलांना पाठशाळेचेंहि दार बंदच होतें. आणि दुसरी ही, कीं जेवूं घालणारा मनानें कितीहि मोठा असला, तरी जेवणारा हा त्याचा आश्रितच असे. पानावर बसतांना त्याची मान किंचित् खालीं असे.

सार्वजनिक शाळेंत बसलेल्या प्रत्येक मुलाला, त्याची जात, त्याच्या बापाची मिळकत न विचारतां, दुपारीं गरम व पौष्टिक अन्न मिळावें, आणि तें त्यानें ताठ मानेनें खावें, ही कल्पना अगदीं निराळी आहे. तिचें वय शंभर वर्षांहून थोडेंसेंच अधिक आहे. ती कोठें जन्मली, तिला कोणीं विरोध केला, आणि आपल्या देशांत ती कशी रुजली, याची हकीकत आज सांगावयाची आहे. हकीकत जेवणाची असली तरी तिच्या मुळाशीं एक मोठा वाद आहे. मूल उपाशी असेल तर तें कोणाचें कर्तव्य चुकलें? आईबापांचें, कीं समाजाचें?

दानधर्म म्हणून मुलांना जेवूं घालण्याचे प्रयत्न युरोपांत आधींपासून होत होते. १७९० सालीं म्युनिक शहरीं काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञानें गरिबांसाठीं एक उद्योगगृह काढलें. तेथें बार्ली, वाटाणे व बटाटे यांचें दाट सूप मिळे, आणि काम करतां करतां शिकणाऱ्या मुलांनाहि तें दिलें जाई. फ्रान्समधून हद्दपार झालेला कविश्रेष्ठ व्हिक्टर ह्यूगो हा १८६२ पासून गर्न्सी बेटावरील आपल्या घरीं गरीब मुलांना बोलावून भोजन घालीत असे. हे सारे प्रयत्न थोर होते. पण तें वार लावून जेवूं घालण्यासारखेंच होतें. देणाऱ्याची इच्छा असेतों अन्न, ती सरली कीं उपास.

ही स्थिति पालटली ती दयेमुळें नव्हे, तर कायद्यामुळें. इंग्लंडांत १८७० च्या कायद्यानें ठिकठिकाणीं सार्वजनिक शाळा निघाल्या आणि १८८० सालीं मुलांना शाळेंत पाठविणें सर्वत्र सक्तीचें झालें. तोंवर गिरणींत, खाणींत, गल्लीबोळांत विखुरलेलीं गरिबांचीं मुलें आतां एका खोलींत, बाकांवर, रांगेनें बसूं लागलीं. उपासमार पूर्वींहि होती. पण ती कोणाच्या डोळ्यांपुढें एकत्र येत नव्हती. आतां ती रोज सकाळीं शिक्षकाच्या समोर हजेरी देऊं लागली. मुलें वर्गांत पेंगतात, थंडींत कुडकुडतात, सांगितलेलें त्यांच्या ध्यानांत राहत नाहीं, आणि याचें कारण मंद बुद्धि नसून रिकामें पोट आहे, हें शिक्षकांनींच प्रथम ओळखलें. राज्यानें मुलाला शाळेंत येण्याची सक्ति केली, तर तें मूल शिकण्याच्या स्थितींत आहे कीं नाहीं हें पाहण्याची जबाबदारीहि राज्यावर येते, असा युक्तिवाद तेथूनच पुढें आला.

त्याला विरोध करणारे कांहीं दुष्ट लोक नव्हते. दानधर्म शिस्तीनें व्हावा म्हणून झटणारी चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी ही संस्थाच विरोधाच्या अग्रभागीं होती. तिचें म्हणणें असें, कीं मुलाला शाळेनें जेवूं घातलें तर बापाची जबाबदारीची जाणीव बोथट होईल, तो मिळकत दारूंत घालवील, आणि कुटुंबसंस्थेचा पायाच ढिला होईल. हा आक्षेप श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावा. कारण पुढें जेथें जेथें शाळेंत चूल पेटली, तेथें तेथें तो थोड्याफार फरकानें पुन्हा ऐकूं आला आहे.

वादाचें पारडें झुकलें तें एका युद्धानें. १८९९ ते १९०२ या काळांत दक्षिण आफ्रिकेंत बोअर लोकांशीं लढाई चालू असतांना सैन्यांत भरती होण्यास आलेल्या तरुणांपैकीं फार मोठा भाग, विशेषतः मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहरांतला, शारीरिक दृष्ट्या अपात्र ठरला. साम्राज्याला धक्का बसला. राष्ट्राची प्रकृति खालावते आहे काय, हें पाहण्यास समिति नेमण्यांत आली. तिनें १९०४ सालीं आपला अहवाल दिला आणि त्यांत शाळेंतील मुलांच्या वैद्यकीय तपासणीची व अन्नाची शिफारस केली. मुलाच्या भुकेनें जें झालें नाहीं तें सैन्याच्या गरजेनें झालें, ही गोष्ट फारशी अभिमानास्पद नाहीं. पण इतिहास असाच चालतो.

१९०६ सालच्या निवडणुकींत मजूर पक्षाचे बरेच सभासद प्रथमच पार्लमेंटांत आले. त्यांपैकीं सुतारकाम करून पुढें आलेल्या विल्यम टायसन विल्सन यांनीं मांडलेलें विधेयक त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कायदा झालें. स्थानिक शिक्षणमंडळांनीं इच्छा असल्यास शाळेंत जेवणाची सोय करावी, आणि त्यासाठीं स्थानिक कराच्या दर पौंडामागें अर्ध्या पेनीपर्यंत खर्च करावा, एवढेंच त्यांत होतें. सक्ति नव्हती. परंतु या लहानशा कायद्यांत दोन कलमें फार सूचक आहेत. त्या काळीं जो गरीब सरकारी मदत घेई, तो मतदानाचा हक्क गमावून बसे. या कायद्यानें स्पष्ट सांगितलें, कीं मुलाच्या जेवणाचे पैसे बापाला देतां आले नाहींत, तरी त्याचा हा हक्क जाणार नाहीं. शाळेंतील अन्न हें भिक्षान्न नव्हे, असें कायद्याच्या भाषेंत प्रथमच म्हटलें गेलें. दुसरें कलम असें, कीं या जेवणाची देखरेख शिक्षकावर सक्तीनें लादतां येणार नाहीं. शिकविणाऱ्यानें पंक्ति वाढीत बसावें काय, हा प्रश्नहि तेव्हांपासूनचा आहे.

या कायद्याचा अर्थ खऱ्या रीतीनें दाखविला तो यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड या लोंकरीच्या गिरण्यांच्या शहरानें. तेथील शाळामंडळावर मार्गारेट मॅकमिलन या बाईंनीं १८९४ पासून काम केलें होतें. शाळेंत मुलांसाठीं स्नानगृह बांधविण्याचें श्रेय त्यांच्याकडे जातें. त्याच शहराचे प्रतिनिधि फ्रेड जॉवेट यांनीं पार्लमेंटांत या विधेयकाची बाजू हिरीरीनें मांडली. कायदा होतांच, १९०७ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत, शिक्षणखात्याचे वैद्य डॉ. राल्फ क्राउली आणि गृहशास्त्राच्या अधीक्षक मेरियन कफ यांनीं मिळून एक प्रयोग केला. अत्यंत गरीब वस्तींतील चाळीस मुलें निवडलीं. त्यांना सकाळीं दुधाची ओटची लापशी व पाव, आणि दुपारीं गरम जेवण द्यावयाचें ठरलें. पहिल्या दिवशीं कांहीं मुलांनीं लापशीला तोंड लावलें नाहीं. त्यांना असलें अन्न ठाऊकच नव्हतें. थोड्याच दिवसांत तीं आवडीनें खाऊं लागलीं.

क्राउली यांनीं या मुलांचें वजन वेळोवेळीं करून त्याचा आलेख काढला, आणि तशाच परिस्थितींतील परंतु जेवण न मिळणाऱ्या मुलांच्या वजनाशीं तो ताडून पाहिला. जेवण सुरू होतांच रेषा वर चढली. मध्यंतरीं व्हिट्सनच्या सणाची सुटी आली, शाळेबरोबर जेवणहि बंद झालें, आणि त्या थोड्या दिवसांतच रेषा खालीं आली. शाळा उघडतांच ती पुन्हा चढूं लागली. वादविवादांचीं शेंकडों भाषणें जें सांगूं शकलीं नव्हतीं, तें त्या एका वांकड्या रेषेनें सांगितलें. इतरांना सुटी म्हणजे आनंद. या मुलांना सुटी म्हणजे उपास. १९१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन अर्ध्या पेनीची मर्यादा गेली, आणि सुटीच्या दिवशींहि जेवण देण्याची मुभा मिळाली.

त्या प्रयोगांतली आणखी एक गोष्ट मला वजनाच्या आलेखाइतकीच मोलाची वाटते. मेजांवर स्वच्छ चादरी घातलेल्या असत, फुलें ठेवलेलीं असत. दर दहा मुलांमागें एक मोठी मुलगी वाढण्यास नेमलेली असे; तिला वेगळा ॲप्रन मिळे. जेवण हा शिक्षणाचाच एक तास आहे, अशी त्यामागें दृष्टि होती. पोट भरणें आणि माणसांप्रमाणें बसून जेवणें यांतला फरक ब्रॅडफर्डच्या त्या दोघांनीं ओळखला होता.

इंग्लंडांत १९४४ च्या शिक्षणविषयक कायद्यानें शाळेंत जेवणाची सोय करणें हें स्थानिक मंडळांचें कर्तव्यच ठरविलें. फिनलंडनें तर १९४३ सालीं कायदा करून १९४८ पासून सर्व मुलांना, गरीब-श्रीमंत असा भेद न करतां, शाळेंत विनामूल्य जेवण दिलें. युद्धानें खिळखिळा झालेला तो लहानसा देश तेव्हां कांहीं श्रीमंत नव्हता. परंतु मिळालेली गोष्ट कायमची मिळाली असें समजूं नये. १९८० सालीं इंग्लंडांतल्या नव्या कायद्यानें, अगदीं गरिबांचीं मुलें सोडून, इतरांसाठीं हें कर्तव्य काढून टाकलें आणि अन्नाच्या पौष्टिकतेचीं ठरलेलीं मापेंहि रद्द केलीं. खर्चाला कात्री लावतांना पहिली नजर मुलांच्या ताटाकडे जाते, कारण मुलांना मत नसतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. येथें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी प्रथम ज्यांनीं निक्षून केली, त्यांत दोन मराठी नांवें ठळक आहेत. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें असें निवेदन केलें. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत तसें विधेयक आणलें. पुढच्या वर्षीं तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. इंग्लंडांत सक्तीच्या पाठोपाठ अन्नाचा प्रश्न आला. आपल्याकडे सक्तीच नाकारली गेल्यामुळें, भुकेलेलें मूल शाळेबाहेरच, गुरांमागें नाहींतर शेतांत, राहिलें. तें कोणाच्याच हजेरीपटावर नव्हतें.

हा प्रश्न आपल्याकडे प्रथम सोडविण्याचा मान मद्रास शहराकडे जातो. १९२० सालीं मद्रास म्युनिसिपल कार्पोरेशनचे अध्यक्ष सर पिट्टी त्यागराय चेट्टी हे होते. जस्टिस पक्षाच्या संस्थापकांपैकीं ते एक. थाउजंड लाइट्स या भागांतील कार्पोरेशनच्या शाळेंत गरिबांचीं मुलें टिकत नाहींत, असें दिसून आलें होतें. त्या वर्षींच्या सप्टेंबरांत कार्पोरेशननें ठराव केला, कीं या शाळेंतील मुलांना दर दिवशीं दर मुलामागें एक आण्याहून अधिक नाहीं अशा खर्चांत दुपारचें खाणें द्यावें. पटावरची संख्या वाढली, आणि आणखी चार शाळांत ही सोय सुरू झाली. पण १९२५ सालीं सरकारनें आक्षेप घेतला, कीं प्राथमिक शिक्षणासाठीं असलेला निधि जेवणावर खर्च करतां येणार नाहीं. योजना थांबली. ती कांहीं काळानें पुन्हा सुरू झाली. परंतु त्या आक्षेपांत जें मत दडलेलें आहे तें पाहण्यासारखें आहे. खडू, फळा, पुस्तक हें शिक्षण. भात-सांबार हें शिक्षण नव्हे! मुलाच्या देहावांचून त्याचें डोकें शाळेंत येऊं शकतें, असेंच जणूं तो हिशेबनीस मानीत होता.

मद्रासच्या एका शहरांतील ही गोष्ट सबंध प्रांताची झाली ती स्वातंत्र्यानंतर, के. कामराज यांच्या कारकीर्दींत. वडील लवकर वारल्यामुळें कामराज यांना लहानपणींच शाळा सोडून दुकानांत कामास लागावें लागलें होतें. १९५४ सालीं ते मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. गांवोगांव शाळा उघडण्याचा त्यांनीं सपाटा लावला. पण शाळा उघडली म्हणजे मूल येतेंच असें नाहीं, हें त्यांना अनुभवानें ठाऊक होतें. १९५६ सालीं, महाकवि सुब्रह्मण्य भारती यांचें जन्मगांव जें एट्टयपुरम्, तेथें त्यांनीं माध्यान्ह भोजनाची योजना सुरू केली. शिक्षणखात्याचे संचालक एन्. डी. सुंदरवडिवेलु यांनीं गांवोगांव सभा भरवून लोकांकडून धान्य, भांडीं व वर्गणी मिळविली. कांहीं भार सरकारनें उचलला, कांहीं गांवानें. शाळा ही सरकारची नसून आपली आहे, हें त्या हंड्या-पातेल्यांच्या निमित्तानें पुष्कळ गांवांना प्रथमच वाटलें असावें.

१ जुलै १९८२ रोजीं याच राज्यांत, आतां तमिळनाडु नांवानें ओळखल्या जाणाऱ्या, मुख्यमंत्री एम्. जी. रामचंद्रन् यांनीं या योजनेला अतिशय विस्तृत रूप दिलें. चित्रपटसृष्टींतला हा लोकप्रिय नट लहानपणीं पितृछत्र हरपल्यावर पोटासाठीं नाटक कंपनींत राहिलेला होता. भुकेचा अनुभव आपण विसरलों नाहीं असें ते सांगत. दोन वर्षांच्या बालकापासून प्राथमिक शाळेंतील मुलांपर्यंत साठ लाखांहून अधिक जणांना रोज शिजवलेलें अन्न, आणि दर केंद्रावर एक संघटिका, एक स्वयंपाकीण व एक मदतनीस अशी ही व्यवस्था होती. अर्थशास्त्रज्ञांनीं कपाळाला आठ्या घातल्या. मतांसाठीं केलेली ही उधळपट्टी आहे, विकासाचा पैसा चुलींत चालला, अशी टीका झाली. मतांचा हेतु नसेलच असें कोण म्हणेल? परंतु पुढें सरकारें बदललीं, पक्ष बदलले, आणि कोणीहि ती चूल विझवूं शकला नाहीं. १९८९ सालीं विरोधी पक्षाचें सरकार आलें, तेव्हां त्यानें योजना बंद करण्याऐवजीं ताटांत अंडें वाढलें. राजकारणांतली स्पर्धा मुलांच्या पथ्यावर पडल्याचें असें उदाहरण विरळा.

सबंध देशासाठीं केंद्र सरकारनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं योजना जाहीर केली. कागदावर ती शिजवलेल्या अन्नाची होती. बहुतेक राज्यांनीं मात्र सोपा मार्ग धरला. महिन्याला शेंकडा ८० हजेरी असलेल्या मुलाला तीन किलो कच्चें धान्य द्यावयाचें, कीं झालें! महाराष्ट्रांतहि वर्षानुवर्षें मुलें पिशवींतून तांदूळ घरीं नेत. तांदूळ वाईट नव्हे. गरिबाच्या घरीं तो उपयोगींच पडला. पण घरीं गेलेला तांदूळ सगळ्या घराच्या हंडींत जातो, पांच-सहा जणांत वांटला जातो, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं बारा वाजतां तें मूल वर्गांत पूर्वींप्रमाणेंच रिकाम्या पोटीं बसतें. धान्य आणि जेवण यांत चुलीचें, सरपणाचें आणि कोणा बाईच्या श्रमाचें अंतर असतें. तें अंतर तोडणें हाच या प्रश्नाचा गाभा होता.

हें काम अखेर न्यायालयानें केलें. २००१ सालीं राजस्थानांत दुष्काळ होता, आणि त्याच वेळीं देशाच्या सरकारी गुदामांत पांच कोटि टनांहून अधिक धान्य पडून होतें. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेनें सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं न्यायालयानें हुकूम दिला, कीं सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला वर्षांतून किमान २०० दिवस शिजवलेलें जेवण द्यावें. त्यांत किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनें असावींत. पुढें २००४ च्या एप्रिलांत न्यायालयानें आणखी दोन गोष्टी सांगितल्या. दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुटींतहि जेवण द्यावें. आणि स्वयंपाकी नेमतांना दलित व आदिवासी यांना प्राधान्य द्यावें. पहिल्या आज्ञेंत ब्रॅडफर्डची ती सुटींत खालीं आलेली रेषा आठवल्यावांचून राहत नाहीं.

सुरुवात साधीच होती. राजस्थानांत प्रथम घुगरी, म्हणजे गूळ घालून उकडलेले गहू, वाढण्यांत आली. आपल्याकडे खिचडी आली. २००६ सालीं प्राथमिक वर्गांसाठीं माप वाढवून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें असें केलें. त्यासाठीं दर मुलामागें १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी ठरली. वरच्या वर्गांना त्याच्या दीडपट. २०१३ सालीं अन्नसुरक्षा कायद्यानें आठवीपर्यंतच्या मुलांचें हें जेवण कायदेशीर हक्क बनलें. २०२१ सालीं योजनेचें नांव बदललें. हक्क तोच राहिला.

दुसऱ्या आज्ञेविषयीं थोडें अधिक बोललें पाहिजे. शिजवलेलें अन्न एकत्र बसून खाणें ही आपल्या देशांत नुसती आहाराची गोष्ट नाहीं. कच्चा शिधा कोणीहि कोणाला देऊं शकतो. शिजवलेलें अन्न कोणाच्या हातचें, आणि कोणाच्या शेजारीं बसून, हा आपल्याकडे शतकानुशतकें जातीचा प्रश्न होता. म्हणूनच शाळेंतल्या पंक्तीला विशेष अर्थ आहे. महाराष्ट्राला याचें भान फार पूर्वीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं दिलें. १९२४ सालीं त्यांनीं साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र रांधीत आणि एका पंक्तीस जेवीत. त्या मुलांना अन्न कमी पडूं नये म्हणून लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले, हें सर्वश्रुत आहे. कर्मवीरांनीं थोड्या मुलांसाठीं जें केलें, तें कोट्यवधि मुलांसाठीं रोज व्हावें अशी ही आज्ञा आहे. ती सर्वत्र सुखानें पाळली गेली असें मात्र नाहीं. दलित बाईनें शिजवलें म्हणून मुलांना जेवूं न देण्याचे प्रकार अनेक राज्यांत घडले आहेत. पण जो भेद घरांत झांकून चालत होता, तो शाळेच्या ओसरीवर उघडा पडला, आणि उघड्या पडलेल्या गोष्टीचा जाब विचारतां येतो.

या जेवणानें काय साधलें, याचें उत्तर आतां नुसत्या भावनेवर सोडावें लागत नाहीं. मध्य प्रदेशांत झालेल्या पाहणींत असें आढळलें, कीं शाळेंत मूल जेवतें म्हणून घरीं त्याचें पान आखडतें घेतलें जात नाहीं. शाळेंत मिळालेलें अन्न बहुतांशीं त्याच्या अंगीं अधिकचें लागतें. आईबाप जबाबदारी टाकतील, हा जुना आक्षेप येथें निदान मापून खोटा ठरला. आंध्र प्रदेशांतील संशोधनावरून दिसतें, कीं लहानपणीं दुष्काळानें खुरटलेल्या मुलांची वाढ या जेवणानें पुष्कळ अंशीं भरून निघाली. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष तर आणखी दूरवर नेणारा आहे. ज्या मुलींना शाळेंत हें जेवण मिळालें, त्या पुढें माता झाल्यावर त्यांच्या मुलांत वाढ खुंटण्याचें प्रमाण कमी आढळलें. एका पिढीच्या ताटांतला घांस दुसऱ्या पिढीच्या अंगीं लागला.

परंतु श्रोतेहो, या हकीकतींत दोन अत्यंत दुःखद पानेंहि आहेत, आणि दोहोंची तारीख एकच आहे. १६ जुलै २००४ रोजीं तमिळनाडूंतील कुंभकोणम् येथें एका शाळेच्या स्वयंपाकघरांतून उठलेली आग गवती छपरांत शिरली आणि ९४ मुलें मृत्युमुखीं पडलीं. १६ जुलै २०१३ रोजीं बिहारच्या सारण जिल्ह्यांत गंडामन गांवीं कीटकनाशक मिसळलेल्या तेलांत शिजवलेलें अन्न खाऊन २३ मुलें दगावलीं. ज्या शाळेंत अन्नासाठीं म्हणून आईनें मूल पाठविलें, तेथून तें परत आलें नाहीं. या दोन दिवसांचा धडा जेवण बंद करावें हा नव्हे. पक्कें, वेगळें स्वयंपाकघर, स्वच्छ कोठार, आणि मुलांना वाढण्यापूर्वीं मोठ्या माणसानें घांस चाखून पाहणें, हे नियम कागदावर आहेत. ते रोज पाळले जाणें हा तो धडा आहे. आपल्या घरीं आई आमटीची चव घेतल्यावांचून पान वाढीत नाहीं. तेवढीच काळजी येथें हवी, अधिक नाहीं.

ही काळजी घेणाऱ्या हातांचाहि विचार व्हावा. गांवोगांव ही चूल पेटविणाऱ्या बहुतेक स्त्रियाच आहेत, आणि त्यांना मिळतें तें वेतन नव्हे, मानधन; तेंहि फार तुटपुंजें. ज्या कामावर एवढ्या मुलांचा जीव अवलंबून, त्याला आपण मान तेवढा देऊं केला आणि धन राखून ठेवलें, असें म्हणावें लागतें.

२०२० सालीं साथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां पुन्हा शिजवलेल्या अन्नाच्या जागीं कोरडा शिधा आला. शहरांतल्या सुस्थित घरांत तेव्हां चिंता अभ्यासाची होती. पडद्यावर वर्ग कसा भरेल, परीक्षा कशा होतील. ज्यांचें दिवसांतलें भरवशाचें एक जेवण शाळेंतच होतें, त्या मुलांसाठीं तें दार बंद होण्याचा अर्थ वेगळा होता. तो अर्थ १९०७ सालच्या व्हिट्सनच्या सुटींतहि हाच होता.

आपल्या मुलांचे डबे आपण रोज सकाळीं भरतों. पोळी-भाजी बरोबर बांधली आहे ना, मुलानें डबा संपवला आहे ना, हें पाहणें आपल्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. या शंभर वर्षांच्या इतिहासाचें सार एवढेंच आहे, कीं हीच दृष्टि आपल्या घराच्या उंबरठ्यापलीकडे नेण्यास समाजाला फार वेळ लागला. इच्छेवर चालणारें दान कायद्यानें बांधलेलें कर्तव्य झालें, कर्तव्याचा हक्क झाला, आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी म्हणत होतें, कीं हें आईबापांनीं पाहावें. आईबाप पाहतातच. परंतु ज्यांच्या हातांत दुपारीं कांहीं नसतें, त्यांच्या मुलाला उपाशी ठेवून आपण त्या आईबापांना धडा शिकवूं शकत नाहीं. आपण केवळ त्या मुलाला शिकवूं शकत नाहीं, एवढेंच होतें. ज्या शाळेंत दुपारीं स्वच्छ पंक्ति बसते, गरम अन्न येतें, आणि कोणाचीहि मान खालीं नसते, त्या शाळेचा पुढचा तास नीट चालतो. तसा तास देशांतल्या प्रत्येक शाळेंत चालावा, यासाठीं लागणारा खर्च फार मोठा नाहीं. लागते ती रोजची काळजी, आणि ती विकत मिळत नाहीं.